एकाच फ्रेमवर दोघं

कळंबोली,
१२ जानेवारी २०२५

ती. नाना आजोबांना,
मानसीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमची अट पाळून हे पहिलं पत्र. कॅमेरा हातात देताना तुम्ही बजावलं होतं की दर रोलमागे एक पत्र आलं पाहिजे, नाहीतर माल परत. मी आजवर पोस्टाचं पाकीट कधी विकत घेतलं नव्हतं. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, स्पीड पोस्ट नको का. मी सांगितलं की आमच्या आजोबांना घाई चालत नाही. त्यांना फोनवर ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन ते कपाटात जपून ठेवतात, हे सांगितलं नाही. घरची अब्रू राखली.

दादरला सुनील म्हणून एक जण जुने कॅमेरे दुरुस्त करतात, रोलही धुऊन देतात. त्यांनी बटण दाबलं, झाकण पडलं, भिंग पुढे आलं आणि मागे तो काळा भाता उलगडला, तेव्हा दुकानातली दोन माणसं हातातलं काम सोडून बघायला आली. मला उगाच अभिमान वाटला. भात्याच्या घड्यांना सात बारीक भोकं निघाली. ती त्यांनी बुजवून दिली आणि नवा रोल कसा चढवायचा तेही शिकवलं. एका रोलवर फक्त आठ फोटो. माझ्या फोनमध्ये एका वडापावचे नऊ आहेत.

आता कामाचं. पोलादपूरच्या आपल्या वाडीवरच्या नव्या घराचा स्लॅब झाला, प्लास्टर चालू आहे. बाबांनी बुद्धपौर्णिमेला, १२ मेला, घरात जायचं ठरवलंय. घराचं नाव 'मंजुळा', आणि पुढच्या खोलीत मंजुळा आजीचा फोटो दोन फूट बाय तीन फूट मोठा करून लावायचा. आपल्याकडचा पोस्टकार्डाएवढा आहे आणि कडेने बुरशी धरली आहे. सुनील म्हणतात, निगेटिव्ह मिळाली तर काम चोख होईल. फोटो तुम्हीच, तिच्या दिरानेच काढलेला, म्हणजे निगेटिव्ह तुमच्याच पेटीत असणार. बाबांचं त्या फोटोशी कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांची आई गेली तेव्हा ते पुरते दोन वर्षांचेही नव्हते. त्यांना आई म्हणून जे काही माहीत आहे ते एवढंच. रोज कामाला निघताना तिला जयभीम करतात आणि घरातली बातमी सांगतात. आई चिडवते की या घरात सासूबाईंना माझ्या आधी सगळं कळतं.

निगेटिव्ह शोधून ठेवा, मी पुढच्या महिन्यात येऊन नेते. कळावे. लोभ तुमच्या अक्षराइतका ठसठशीत राहू द्या.

तुमची,
मानसी

---

महाड,
२० जानेवारी २०२५

चि. मानसीस,
श्रीपत नानाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण मजकूर साफ. चौतीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, याहून वाईट अक्षरातले अर्ज वाचलेत. कानाच्या मशीनबद्दल म्हणशील तर ते घातलं की शिटी वाजते आणि शेजारचं कुत्रं ओरडतं.

कॅमेऱ्याचे दोन नियम लक्षात ठेव. पहिला, अंतर डोळ्याने मोजायचं नाही. माणसापर्यंत पावलं टाकत जायचं, पावलं मोजत परत यायचं, आणि मग भिंगावरचा आकडा लावायचा. लोक हसतात, हसू द्यावं. दुसरा नियम मोठा आहे. आधी कॅमेरा उघडायचा, मग किल्ली फिरवून मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा आणायचा, आणि लगेच फोटो घ्यायचा. फोटो झाल्यावर किल्लीला हात लावायचा नाही. भाता उघडताना आतली हवा ओढली जाते आणि फिल्म फुगते. उघडल्यावर फिरवली की ती ताठ बसते. काही जण फोटो झाला की लगेच फिरवून ठेवतात, म्हणजे विसरायला नको. तीही रीत चालते. पण एका कॅमेऱ्याला एकच रीत हवी. हे दहा वेळा वाच.

निगेटिव्हचं मात्र जमणार नाही. २०२१ च्या जुलैत घरात छातीभर पाणी होतं हे तू जाणतेस. पेट्याच्या पेट्या चिखल होऊन गेल्या. त्याच दिवशी तळीये गावात दरड कोसळून माणसं डोंगराखाली गेली, म्हणून मी निगेटिव्हांसाठी रडलो नाही. लाज वाटली असती.

आणि मला विचारशील तर त्या फोटोचा नाद सोड. आहे तो आहे तेवढाच ठीक आहे. मोठा करून त्यात नवीन काही दिसणार नाही. त्यापेक्षा नव्या घराच्या दारात तुझ्या आईबापाला, सुहास आणि उज्वलाला, उभं कर आणि तो फोटो मोठा कर. जिवंत माणसांचे फोटो काढायला लोक कंटाळा करतात.

उज्वलेस आशीर्वाद. सुहासला म्हणावं, प्लास्टरवर पाणी मारायला विसरू नको. कळावे, माया आहेच.

नाना

---

कळंबोली,
९ फेब्रुवारी २०२५

ती. नानांना,
सविनय जयभीम. वि. वि.

पहिला रोल धुऊन आला. आठांपैकी तीन धूसर, दोन बरे, दोन खरंच छान आणि एक भूत. पाचव्या फोटोत आई गच्चीवर मिरच्या वाळवतेय आणि तिच्या पोटातून खालच्या मजल्यावरच्या काकूंची स्कूटर बाहेर पडतेय. किल्ली फिरवायचं विसरले. तुम्ही दहा वेळा वाचायला सांगितलं होतं, मी तीनदाच वाचलं. आईला तो फोटो इतका आवडला की तिने फ्रिजवर लावलाय. प्रत सोबत पाठवते.

आता जे लिहायचं आहे ते कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. निगेटिव्ह नाही म्हटल्यावर बाबा थांबले नाहीत. त्यांनी स्वतः फ्रेम उघडली, फोटो रुमालाने पुसला आणि माझ्याबरोबर दादरला आले. सुनीलनी तो मशीनवर घेऊन पडद्यावर मोठा केला. बाबा बराच वेळ बघत बसले. इतका मोठा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. मला म्हणाले, बघ, डोळे तुझ्यासारखे आहेत.

मी डोळे बघत नव्हते. डाव्या भुवईत एक रेघ आहे, जिथे केसच नाहीत. लहान फोटोत ती कळत नाही. गेल्या वर्षी मंजुळा आजीच्या बहिणीकडे, बया आजीकडे, कापड्याला लग्नाला गेलो होतो, तेव्हा तिच्या शेजारी मी तासभर बसले होते. तिच्या डाव्या भुवईतही अशीच रेघ आहे. मी विचारलं तर म्हणाली, गुरं राखताना बैलाचं शिंग लागलं, दहा वर्षांची होते. बहिणी बहिणींचे चेहरे सारखे असतात, नाना. पण दोघींना एकाच जागी शिंग कसं लागेल?

बाबांना काही बोलले नाही. आईलाही नाही. फोटो मोठा करायला दिला आहे. मला खरं काय ते सांगा. मी चुकत असेन तर रागवा, मी खुशाल ऐकून घेईन.

लोभ आहे, आणि काळजीही.
मानसी

---

महाड,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. मानसीस आशीर्वाद.

पत्र येऊन चार दिवस झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या, आज स्वतःची द्यायची आहे. तू बरोबर पाहिलंस. भिंतीवरचा फोटो मंजुळावहिनीचा नाही. तो बयाचा आहे आणि तो मीच काढला आहे.

वहिनीचा फोटो मी काढला नाही असं नाही. २० मार्च १९७७. चवदार तळ्यावर गर्दी होती. दादा, म्हणजे तुझे अरविंद आजोबा, वहिनीला आणि दीड वर्षाच्या सुहासला घेऊन वाडीहून आले होते. मी कॅमेरा नुकताच घेतला होता. वहिनी तळ्याच्या पायरीवर सुहासला कडेवर घेऊन उभी राहिली आणि मी फोटो घेतला. त्या दिवशी मी नवा पांढरा बुशशर्ट आणि काळी पँट घातली होती. पंचविशीही गाठली नव्हती, ऐट होती. कॅमेरा दादाकडे देऊन म्हटलं, आता माझा काढ. दादाची रीत फोटो झाल्यावर फिरवायची. त्याला वाटलं मी फिरवून दिला आहे. माझी रीत फोटोआधी फिरवायची, म्हणून मी फिरवला नव्हता. त्याने लाल खिडकीत पाहिलं नाही आणि मी सांगितलं नाही. खटका दाबला गेला.

एप्रिलमध्ये रोल धुतला. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या उजेडाने तिचा चेहरा खाऊन टाकला होता. खाली काळ्या पँटीवर सुहास आणि त्याच्याभोवतीचा तिचा हात अगदी स्वच्छ. वर नुसतं पांढरं. कुणाला दाखवलं नाही. पुन्हा काढू म्हटलं. दोनदा वाडीवर गेलो. एकदा म्हणाली, भाऊजी, आज डोकं विंचरलेलं नाही. एकदा म्हणाली, लावणी उरकू द्या. ऑगस्टात तिला कावीळ झाली. महाडला आणलं तोवर उशीर झाला होता.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवायला तिचा फोटो हवा होता. दादा म्हणाला, तळ्यावर काढलास ना, तो आण. मी काय सांगणार होतो? त्याच्या बायकोच्या तोंडावर माझा शर्ट आहे म्हणून? मी तिच्या माहेरी गेलो आणि बयाला हात जोडले. एकोणीस वर्षांची होती. वहिनीचं लुगडं नेसली, तिचे काळे मणी घातले आणि पडवीत बसली. फोटो चांगला आला. दादाच्या हातात दिला तेव्हा त्याने तो पुष्कळ वेळ पाहिला. एवढंच म्हणाला, "चांगला आलाय." आणि लावला. त्याने ओळखलं नसेल असं नाही. वाडीतही सगळ्यांनी ओळखलं. लहान मुलाला कोण सांगणार? मग मूल मोठं झालं आणि सांगायची वेळ निघून गेली.

दादा मुंबईला गोदीत गेल्यावर सुहास पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्याकडे राहिला. फोटोही त्याच्याबरोबर आला. प्रत्येक निकाल तो आधी फोटोला सांगायचा आणि मग मला. मी दाराआड उभा राहून ऐकायचो. किती वेळा तोंडापर्यंत आलं. मानसी, मला भीती वाटते. मी लग्न केलं नाही. मूल म्हणून जे आहे ते सुहासच. हे कळल्यावर तो या घराची पायरी चढणार नाही.

पुराबद्दलही अर्धंच सांगितलं होतं. बाकी सगळं गेलं, पण ती एक निगेटिव्ह माळ्यावर डब्यात होती. डबा या पत्राबरोबर रजिस्टर्ड करतो. तुझ्याकडे ठेव. आणि मोठा फोटो कसाही थांबव. सुनीलचं मशीन बिघडलं म्हण.

अपराधी,
नाना

---

कळंबोली,
२ मार्च २०२५

ती. नानांना जयभीम.

डबा मिळाला. सुनीलचं मशीन बिघडलं असं मी सांगणार नाही. मी एकदा सांगेन, मग ते दुरुस्त होईल, मग दुसरं काही बिघडवावं लागेल, आणि तुमच्यासारखी मीही म्हातारी होईन. मोठा फोटो तयार व्हायला अजून वेळ आहे एवढं खरं आहे, तेवढंच मी बाबांना सांगितलंय. ते वाडीवर जाऊन भिंतीवर खिळ्याची जागा आखून आले.

हे बाबांना तुम्हीच सांगायला हवं. माझ्याकडून कळलं तर बाबा तुमच्याकडे येऊन विचारणारच, आणि तेव्हा तुम्हाला काही ऐकू येणार नाही. रागावू नका, पण हे खरं आहे.

आणखी एक. चेहरा बया आजीचा आहे. दोन बाय तीन फुटांचा करून दुसऱ्याच्या नावाने लावायचा की नाही, हे आधी तिला विचारायला नको का? सत्त्याहत्तर सालानंतर तिला कुणी काही विचारलं का? मी तुमच्यावर चिडले आहे. लोभ तरीही चालू ठेवला आहे.

मानसी

---

कापडे,
१२ मार्च २०२५

श्रीपत भाऊ, जयभीम.

तुमची चिठी पोचली. मी सांगते नि माझी नात रूपाली लिवते. तिला सांगितलंय, मी बोलन तसंच लिव, तुझं कॉलेज त्यात घालू नको.

तुम्ही विचारलंत, बया, तुझं म्हणणं काय हाय. एवढ्या वर्सांनी विचारलंत, बरं केलंत. त्या दिवशी तुम्ही आलात तवा मी भात कांडत होते. ताईला जाऊन आठ दिस झाले होते. तिचं लुगडं नेसले तर तिचाच वास आला. तुम्ही म्हणालात हलू नको, म्हणून मी रडले नाय. रडले असते तर फोटू हलला असता.

पुढचं तुम्हाला ठावं नाय. वरीस झाल्यावर माणसं आमच्या बाबाकडं आली, म्हणाली, बयाला अरविंदला द्या, पोराला आई होईल. पोरासाठी माझा जीव तुटत होता. पर मी बाबाला सांगितलं, "तिच्या जागी फोटूत बसले तेवढं पुरं. घरात नाय बसणार." मग मला कापड्याला दिली. माझा संसार चांगला झाला, कुणाला नाव ठेवायचं नाय.

मानसीच्या बारशाला मी कळंबोलीला गेले होते. भिंतीवर बघते तर मी. नि गळ्यात चंदनाचा हार. समोर सुहास हात जोडून हुबा. भाऊ, मी ताटावरनं उठले. आपण बौद्ध, असलं काय मानायचं नाय, मला समजतं. पर जित्या माणसाला आपल्याच फोटूला हार दिसला तर त्येनं काय करायचं? त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले नाय. पोराला वाटलं मावशीला माया नाय.

सांगा त्येला. मी हाय तोवर सांगा. उद्या मी गेले तर इथं माझा फोटू लावतील, नि सुहास मातीला येईल, नि बघंल तर भिंतीवर त्याचीच आई. तवा त्येनं कुणाला विचारायचं?

त्येला माझ्याकडं लावून द्या. तुम्ही तब्येतीला जपा. माया हाय.

बयाबाई
(ता. क. आजोबा, आजीने परत वाचून घेतलं आणि एक शब्द बदलू दिला नाही. रूपाली)

---

महाड,
२० मार्च २०२५

चि. सुहास,
आशीर्वाद.

आज तळ्यावर जाऊन आलो आणि लिहायला बसलो. तुझ्या घरातला फोटो तुझ्या आईचा नाही. तो बयाचा आहे. तुझ्या आईचा फोटो मी अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी याच दिवशी, याच तळ्यावर काढला होता, आणि माझा स्वतःचा फोटो काढून घ्यायच्या हौसेत तो घालवला. ती गेल्यावर ते झाकायला बयाला तिच्या जागी बसवलं. हकिगत सविस्तर मानसीला लिहिली आहे, ती तुला वाचायला देईल. बयाचं पत्रही सोबत जोडलं आहे, ते नीट वाच.

यात बयाचा दोष नाही, दादाचाही नाही. तू माझ्या घरी दहा वर्षं होतास. त्यातल्या कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण तू आईशी बोलून शाळेला जायचास तेव्हा तुझं तोंड हसरं असायचं आणि ते मला बघायचं असायचं.

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. वाट बघतो.

नाना

---

कळंबोली,
१३ एप्रिल २०२५

ती. नानांना जयभीम. वि. वि.

तुम्ही तीन पोस्टकार्डं टाकलीत आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, माफ करा. लिहिण्यासारखं काही नव्हतं. बाबांनी तुमचं पत्र उभ्यानेच वाचलं. मग माझ्याकडून बाकीची पत्रं मागून घेतली. मला एवढंच विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? मी तारीख सांगितली. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशीही बोलले नाहीत. तुम्ही एकटे नाही आहात, एवढ्यासाठी सांगते.

फोटो भिंतीवरून उतरवून त्यांनी कपाटात कपड्यांखाली ठेवला. मोठा फोटो रद्द केला. वाडीवरचं प्लास्टर थांबवलंय, गवंडी मला फोन करतात. सकाळी निघताना बाबा सवयीने त्या भिंतीकडे वळतात, हात वर जातो, आणि मग दाराची कडी बघायला आल्यासारखं करून निघून जातात. आईने परवा हे पाहिलं आणि आत जाऊन रडली. मीही रडले.

गेल्या रविवारी ते कुणाला न सांगता कापड्याला गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. काय झालं ते सांगितलं नाही, पण दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तुमची निगेटिव्ह सुनीलना दिली आहे. ते म्हणतात, पांढऱ्या भागात फिल्म इतकी गच्च काळी झाली आहे की मागून खूप जोराचा उजेड टाकून बघावं लागेल. पूर्वी कागदावर जे उतरलं नाही ते आता थोडं निघू शकतं. त्यांनी खात्री दिलेली नाही, म्हणून तुम्हीही धरू नका.

औषधं वेळेवर घ्या. उद्या चौदा एप्रिल आहे, मिरवणुकीत फार चालू नका. माझा लोभ घट्ट आहे.

मानसी

---

बौद्धवाडी, पोलादपूर,
४ मे २०२५

ती. नानांस,
सुहासचा जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला. तो मी मुद्दाम केला. राग आला होता, आणि तो सगळा गेला आहे असं लिहिलं तर तुम्ही माझी घातलीत तशी मीही तुमची खोटी समजूत घालतोय असं होईल.

फोटो खोटा निघाला, याचं मला वाटलं त्याहून कमी वाईट वाटलं. जास्त वाईट दुसऱ्या गोष्टीचं वाटलं. दहावीचा निकाल, नोकरी लागली ती, मानसी झाली ती, बाबा गेले ते, सगळं मी त्या फोटोला सांगितलं. जिला सांगत होतो ती कापड्यात जिवंत बसली होती. लग्नकार्यात भेटायची. मी जयभीम करायचो, जेवायचो आणि गाडी पकडायचो. एवढी वर्षं मी फोटोकडे बघितलं, मावशीकडे बघितलं नाही. भुवईवरची रेघ माझ्या मुलीला तासाभरात दिसली.

मी गेलो तेव्हा ती राब भाजायच्या तयारीत होती, भाताच्या वाफ्यावर जाळायचा पातेरा, वाळका पालापाचोळा, पसरत होती. मला बघितलं आणि बांधावरच बसली. मीही बसलो. काय विचारायचं ते मी एसटीत ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. शेवटी विचारलं, माझी आई कशी होती? नाना, हे मी आजवर कुणालाच विचारलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्याकडे आहे ना ती. मावशी तिन्हीसांजेपर्यंत बोलत होती. आई डावखुरी होती. भाकरी डाव्या हाताने थापते म्हणून आजी तिला बोलायची. बेडकाला घाबरायची, म्हणून लावणीला सगळ्यांच्या मध्ये उभी राहायची. चालायची इतकी भरभर की बरोबरच्या बायका शिव्या द्यायच्या. मीही डावखुरा आहे. हे कुठून आलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना मावशीने एकच मागितलं. म्हणाली, "माझ्या गळ्यातला हार काढ रे बाबू." घरी येऊन मी तो काढला. फोटो इथे नव्या घरात आणला आहे, आहे तेवढाच, आणि खाली तिचं नाव लिहिलं आहे. प्लास्टर पुरं झालं. घराचं नाव ठरलं होतं तेच आहे.

आता मुख्य गोष्ट. सुनीलने तुमच्या निगेटिव्हचा फोटो करून दिला. कालपासून तो माझ्यासमोर आहे. मध्ये तुम्ही उभे आहात, छाती काढून, नव्या बुशशर्टात, जसं काही तळं तुम्हीच खणलंय. तुमच्या पँटीवर मी बसलोय, आणि माझ्याभोवती आईचा हात आहे. पाच बोटं मोजता येतात. शर्टातूनही सुनीलने बरंच बाहेर काढलं आहे. फिकट आहे, पण दिसतं. अंबाडा दिसतो. कान दिसतो, कानातली कुडी दिसते, गालाची कड दिसते. चेहरा नाही.

नाना, हे नीट वाचा. चेहरा तुमच्या शर्टाने खाल्लेला नाही. कान आणि अंबाडा दिसतात ते तिने मान वळवली होती म्हणून. तुम्ही खटका दाबलात तेव्हा ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती, कडेवरच्या माझ्याकडे बघत होती. तुम्ही किल्ली फिरवली असतीत, बाबांनी लाल खिडकी पाहिली असती, तरी तिचा चेहरा तुम्हाला मिळाला नसता. तो त्या वेळी फक्त मला दिसत होता. मला आठवत नाही, पण मी बघत होतो.

अठ्ठेचाळीस वर्षं तुम्ही ज्या चुकीला घाबरत राहिलात तिने काहीच घालवलं नव्हतं. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं. पण तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून लिहिलं.

हाच फोटो आईचा म्हणून पुढच्या खोलीत लावतो आहे. हार आणला होता. मग लक्षात आलं की त्यात तुम्हीही आहात, आणि तुम्ही महाडात बसून चहात दोन चमचे साखर घालताय. एका जिवंत माणसाला हार घालून झाला, दुसऱ्याला घालणार नाही. तेव्हा आईलाही थांबावं लागेल, आणि बराच काळ थांबावं लागो. तोवर या घरात कुठल्याच फोटोला हार नाही.

बारा तारखेला सकाळी मी गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येतो. मावशीला आदल्या दिवशीच आणतो आहे. कानाचं मशीन घालून या, इथे कुत्रं नाही. माझा लोभ तुटलेला नाही, एवढं यावरून समजून घ्या.

तुमचाच,
सुहास